दोन 'ठाणी' आणि एक डॉक्टर : कलम ३०९ च्या दीडशे वर्षांची गोष्ट

१/
रोहा-पेणच्या बाजूला एखादा माणूस एकाएकी स्वतःशी बोलू लागला, रात्र-रात्र जागू लागला, की शेजारीपाजारी एक वाक्य हमखास उच्चारत: "ह्याला ठाण्याला न्या." देशावर त्याच वाक्यात 'येरवडा' येते, खाली तळकोकणात 'रत्नागिरी'. गाव बदलते, अर्थ तोच राहतो. या वाक्यामागे खरा इतिहास आहे, आणि त्यात आणखी एक 'ठाणे' लपलेले आहे: पोलीस ठाणे. आजचा धागा या दोन ठाण्यांचा, आणि त्यांतील एका ठाण्याची वाट बंद व्हावी म्हणून कायद्याच्या कचेरीत जाऊन बसलेल्या एका मनोविकारतज्ज्ञाचा.

२/
आरंभीच एक सूचना. विषय आत्महत्या-प्रतिबंधाचा आहे. आज मन ठिकाणावर नसेल तर हा धागा खुशाल बाजूला ठेवावा. आणि कुणाशी तरी बोलावेसे वाटत असेल तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, आणि तेथे मराठीत बोलता येते.

३/
आधी पहिले ठाणे. कंपनी सरकारच्या काळात मुंबई बेटावर कुलाब्याला वेड्यांचे इस्पितळ होते. (हे बेटावरचे कुलाबा, आपल्या रायगड जिल्ह्याचे १९८१ पूर्वीचे नाव 'कुलाबा', त्याच्याशी गल्लत नको.) नागपूरचे रुग्णालय १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे. पुढे कुलाब्याची जागा अपुरी पडू लागली. १९०१ मध्ये ठाण्याच्या नौपाड्यात आणि १९१५ मध्ये येरवड्यात नवी रुग्णालये उभी राहिली. रोह्याहून ठाणे शंभरएक किलोमीटर. त्या अंतरामुळेच 'ठाण्याला नेणे' याचा अर्थ उपचारापेक्षा 'नजरेआड करणे' असा अधिक झाला असावा, असे माझे मत.

४/
या रुग्णालयांना चालवणारा कायदा पाहण्यासारखा आहे. १८५८ चा कायदा, त्यानंतर १९१२ चा 'इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट'. दोन्हींत रुग्ण आत कसा घ्यावा याचा विचार पुष्कळ आहे, बरा कसा व्हावा याचा थोडा. 'वेडा' भटकताना दिसला तर पोलिसांनी त्याला दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे, दंडाधिकाऱ्याने हुकूम काढावा, मग दार उघडावे. आजारी माणसाचा पहिला सामना वैद्याशी न होता शिपायाशी होई. स्वातंत्र्यानंतरही हा १९१२ चा कायदा चाळीसहून अधिक वर्षे चालला. त्याची जागा घेणारा १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अमलात यायला १ एप्रिल १९९३ उजाडावे लागले.

५/
आता दुसरे ठाणे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली भारतीय दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिचे कलम ३०९ थोडक्यात असे: जो आत्महत्येचा प्रयत्न करील त्यास एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

६/
हा विचार इंग्लंडच्या जुन्या कायद्यातून आला. तिथे माणसाचे जीवित राजाचे आणि देवाचे मानले जाई, म्हणून ते संपवू पाहणारा दोघांचाही अपराधी ठरे. इंग्लंडने १९६१ मध्ये 'सुइसाइड अ‍ॅक्ट' करून हा गुन्हा आपल्या पुस्तकातून काढून टाकला. आपण मात्र तो जपला. वसाहतीच्या कायद्यांचे असे वारंवार झालेले दिसते: ज्याने दिले त्याने टाकले, ज्याने घेतले त्याने सांभाळले.

७/
कुणी म्हणेल, या कलमाखाली तुरुंगात गेलेले असे किती असतील? फार नाहीत. पण कलमाची मुख्य हानी तुरुंगात झालीच नाही. ती झाली तालुक्याच्या दवाखान्यात, रात्री अकरा वाजता.

८/
प्रसंग डोळ्यांपुढे आणा. घरातल्या मुलीला किंवा मुलाला रिक्षात घालून आणले आहे. डॉक्टर विचारतात, काय झाले? खरे सांगितले तर 'एमएलसी' होणार, म्हणजे पोलिसांना कळवावे लागणार, जबाब होणार, गावभर चर्चा होणार. म्हणून वडील सांगतात, "चुकून झालं." काही खासगी दवाखाने तर 'पोलीस केस आहे, सरकारीत न्या' म्हणून दारातूनच परत पाठवत. त्यात जो वेळ जाई तोच जीव वाचवण्याचा वेळ असे. आणि जीव वाचला तरी 'चुकून झालं' असे कागदावर आलेल्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाकडे कोण पाठवणार? आत्महत्येचा आधीचा प्रयत्न हा पुढच्या धोक्याचा सर्वांत ठळक इशारा असतो, हे वैद्यकशास्त्राला केव्हाच ठाऊक झाले होते. तो इशाराच कागदावरून पुसला जात होता.

९/
१९७१ मध्ये विधी आयोगाने आपल्या ४२ व्या अहवालात हे कलम काढून टाकण्याची शिफारस केली. १९७८ मध्ये तशी दुरुस्ती राज्यसभेत मंजूरही झाली. पण लोकसभेत ती पूर्ण होण्याआधीच १९७९ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक निकालात निघाले. जनता पक्षाच्या फाटाफुटीच्या ज्या गोष्टी आपण चवीने वाचतो, त्यांतली ही एक तळटीप कुणी सहसा वाचत नाही.

१०/
मग येतो मुंबईतला तो खटला. मुंबई पोलीस दलातील एक शिपाई. (निकालपत्रात नाव आहे, मी मुद्दाम घेत नाही.) रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार बसला आणि त्यानंतर मानसिक आजार जडला. घर चालावे म्हणून पत्नीच्या लहानशा दुकानाला परवाना हवा होता. त्यासाठी तो १९८५ मध्ये महापालिका आयुक्तांच्या कार्यालयात गेला. भेट मिळाली नाही. तिथेच त्याने स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला. लोकांनी वेळीच अडवले आणि तो वाचला. पुढे काय? कलम ३०९ खाली गुन्हा. पोलीस शिपाई आता पोलीस ठाण्यातला आरोपी.

११/
१९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने निकाल दिला आणि कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. निकालात दोन धागे एकत्र विणलेले आहेत. एक : घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात न जगण्याचा हक्कही येतो. दुसरा : मानसिक आजारामुळे असा प्रयत्न करणाऱ्याला मनोविकारतज्ज्ञाची गरज आहे, कोठडीत त्याची स्थिती बिघडणारच. हे दोन धागे ध्यानात ठेवा. पुढची तीस वर्षे त्यांच्या सुटण्या-गुंतण्याचीच आहेत.

१२/
पहिला धागा जोरात धावला. १९९४ मध्ये पी. रथिनम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तोच कित्ता गिरवून कलम रद्द ठरवले. पण २१ मार्च १९९६ रोजी ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते उलटवले : जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. कलम ३०९ जिवंत झाले आणि त्याबरोबर मुंबईचा निकालही पडला.

१३/
घटनापीठाचे चुकले का? तर्क म्हणून मला तसे वाटत नाही. 'मरण्याचा हक्क' मान्य करणे ही फार मोठी उडी होती, आणि न्यायालय बिचकले हे स्वाभाविक होते. झाले असे, की या भव्य तात्त्विक वादात दुसरा, साधा धागा हरवला. तो शिपाई तत्त्वज्ञ नव्हता. तो आजारी होता.

१४/
हा दुसरा धागा उचलणाऱ्यांत आजच्या धाग्याचे नायक आहेत : डॉ. सौमित्र पठारे. मुंबईचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय, पुढे लंडन, असे त्यांचे मनोविकारशास्त्राचे शिक्षण. नंतर पुण्यात प्रॅक्टिस. इथपर्यंतची वाट अनेक हुशार डॉक्टरांची असते आणि बहुतेकांची तिथेच थांबते. त्यात गैर काही नाही. पुण्यात मनोविकारतज्ज्ञाची ओपीडी कधी रिकामी नसते.

१५/
पण २००७ मध्ये पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीत मानसिक आरोग्य कायदा व धोरण यांचे एक केंद्र सुरू झाले आणि डॉ. पठारे त्याचे संचालक झाले. स्थळ पाहा. इंडियन लॉ सोसायटी ही १९२३ ची संस्था, आयएलएस विधी महाविद्यालय तिचेच. वकील घडवणाऱ्या आवारात मनोविकारतज्ज्ञाने दुकान मांडावे, हा योग दुर्मीळ. त्याआधी जागतिक आरोग्य संघटनेबरोबर इतर देशांच्या मानसिक आरोग्य कायद्यांवर त्यांनी काम केलेले होते, तो अनुभव येथे कामी आला.

१६/
त्याच वर्षी, १ ऑक्टोबर २००७ रोजी, भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. मानसिक आजारी व्यक्तीही त्यात येतात. त्यामुळे १९८७ चा कायदा बदलणे भाग होते. मागे एक जखमही होती : ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण गेले. त्यांना पळता आले नाही, एवढेच कारण.

१७/
२०१० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कायद्याच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले, आणि मसुद्याच्या कामात पुण्याच्या या केंद्राचे साहाय्य घेतले. मंत्रालयातील ज्या अधिकाऱ्याने हे सारे लावून धरले ते केशव देसिराजू, राष्ट्रपती राधाकृष्णन यांचे नातू, पुढे आरोग्य सचिव. (एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे चरित्र लिहिणारे तेच.) जुन्या कायद्याला ठिगळे लावून भागणार नाही हे लवकरच ध्यानी आले आणि नवा कायदाच लिहायला घेतला गेला. रुग्ण, कुटुंबीय, डॉक्टर, वकील यांच्याशी चर्चा झाल्या. १९ ऑगस्ट २०१३ रोजी विधेयक राज्यसभेत मांडले गेले.

१८/
आणि इथे ती खुबी आहे, जिच्यासाठी हा धागा लिहिला.

कलम ३०९ थेट दंड संहितेतून काढायचे तर गृह मंत्रालय, राज्ये, न्यायालयाचे १९९६ चे मत, सगळ्यांशी पुन्हा झुंज. विधी आयोगाने २००८ च्या २१० व्या अहवालात पुन्हा शिफारस केली होती. २०११ च्या अरुणा शानबाग निकालात सर्वोच्च न्यायालयानेही संसदेला तसे सुचवले होते. तरी कलम जागचे हलले नव्हते. नव्या आरोग्य कायद्याने दंड संहितेला हातच लावला नाही. त्याने एक गृहीतक बदलले. कलम ११५ म्हणते : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध होईतो, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे मानले जाईल, आणि तिच्यावर खटला चालणार नाही, तिला शिक्षा होणार नाही.

१९/
हे किती वेगळे आहे पाहा. १९८६ पासून न्यायालयांपुढे प्रश्न होता, 'माणसाला मरण्याचा हक्क आहे का?' त्याचे उत्तर कधी हो आले, कधी नाही. कलम ११५ हा प्रश्न विचारतच नाही. ते विचारते, 'या माणसाला त्या क्षणी काय झाले होते?' याचे उत्तर कोणताही डॉक्टर देऊ शकतो. मुंबईच्या निकालातला दुसरा धागा तब्बल तीन दशकांनी विणला गेला.

२०/
त्याच कलमाचा दुसरा भाग वर्तमानपत्रांत फारसा आला नाही, पण मला तोच मोठा वाटतो. अशा व्यक्तीला उपचार व पुनर्वसन देणे, पुन्हा तसा प्रसंग येऊ नये याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. म्हणजे आरोपी कोण, हेच उलटले. आधी राज्य नागरिकाला विचारत होते, 'तू असे का केलेस?' आता नागरिक राज्याला विचारू शकतो, 'तुम्ही काय केलेत?'

२१/
राज्यसभा, ८ ऑगस्ट २०१६. लोकसभा, २७ मार्च २०१७. राष्ट्रपतींची संमती, ७ एप्रिल २०१७. अंमल २०१८ पासून. रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी, भूल न देता विजेचे झटके देण्यास बंदी, विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच वागवावे, ही सारी याच कायद्यातली कलमे.

२२/
विरोध झाला का? झाला, आणि तो डॉक्टरांकडूनच अधिक. अनेक मनोविकारतज्ज्ञांना वाटले की हा कायदा आपल्याकडे संशयाने पाहतो. 'पुढे मला कोणते उपचार द्यावेत, कोणते देऊ नयेत' हे रुग्णाने आधीच लिहून ठेवण्याची तरतूद त्यांना अव्यवहार्य वाटली. भारतात रुग्णाला कुटुंब सांभाळते, त्याचे स्थान कमी झाले, अशीही तक्रार होती. या आक्षेपांत तथ्य नाही असे म्हणवत नाही. कायद्याने सांगितलेली पुनर्विलोकन मंडळे कित्येक राज्यांत वर्षानुवर्षे स्थापनच झाली नाहीत, हेही खरे. पण कलम ११५ ला मात्र या भांडणात कुणी फारसा विरोध केला नाही. आपत्कालीन कक्षात उभे राहिलेल्या प्रत्येकाला ते हवे होते.

२३/
कायदा म्हणजे डॉ. पठारे यांच्या कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा समजायला आधी एक मोजणी पाहावी लागते. २०१० साली पोलिसांच्या नोंदींवरून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने देशात १,३४,५९९ आत्महत्या मोजल्या. मुंबईत जन्मलेले, गोव्यात १९९६ साली सहकाऱ्यांसह 'संगथ' संस्था उभारणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दुसरा आकडा दिला : त्याच वर्षी पंधरा वर्षांवरील सुमारे १,८७,०००. त्यांची माहिती घरोघरी जाऊन मृत्यूचे कारण विचारणाऱ्या मोठ्या पाहणीतून आली होती. पोलिसांपुढे जे बोलले गेले नाही ते ओसरीवर बोलले गेले.

२४/
त्याच पाहणीने वयही सांगितले. पुरुषांतील अशा मृत्यूंपैकी सुमारे ४० टक्के आणि स्त्रियांतील सुमारे ५६ टक्के १५ ते २९ या वयोगटातले. म्हणजे हा धागा वाचणाऱ्या तुमच्या-माझ्या वयाचे. शेतकरी आत्महत्यांची चर्चा आपल्या राज्यात व्हायलाच हवी; पण तिच्या मागे तरुण मुली आणि नवविवाहिता झाकल्या गेल्या, हे या आकड्यांनी दाखवले.

२५/
आणि मनोविकारतज्ज्ञ? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत आढळले की मानसिक आजार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. रोह्यासारख्या गावी कायद्याने हक्क दिला तरी दार कोण उघडणार, हा प्रश्न उरतोच.

२६/
त्याचे एक उत्तर नाशिक जिल्ह्यात शोधले गेले. 'आत्मीयता' हा पठारे यांच्या केंद्राचा प्रकल्प २०१३ च्या सुमारास तिथल्या ४१ गावांत सुरू झाला. कल्पना साधी. गावात असा एखादा माणूस असतोच, ज्याच्याकडे लोक आपणहून मन मोकळे करतात : एखादी बचत गटातली ताई, एखादे निवृत्त गुरुजी. त्यांनाच शिकवायचे. ऐकावे कसे, अडचणीची उकल टप्प्याटप्प्याने कशी करावी, आणि केव्हा थांबून रुग्णाला डॉक्टरकडे पाठवावे. फोनवर छोट्या फिती दाखवायच्या. आणि ज्याचे दुःख रेशनकार्डात किंवा अडकलेल्या पेन्शनमध्ये आहे त्याचे ते कामही करून द्यायचे. हा शेवटचा भाग मला फार आवडतो. ज्या शिपायाला परवाना मिळाला नव्हता, त्याला नेमके हेच हवे होते.

२७/
पुढे 'आत्मीयता' गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर गेली. विदर्भात अमरावती जिल्ह्यात याच जातीचा 'विश्राम' हा प्रकल्प झाला, त्यात विक्रम पटेल यांचा सहभाग होता. तीस गावे. नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. अशा पाहणीतून कारण-कार्य संबंध छातीठोक सांगता येत नाही, पण दिशा दिसते.

२८/
मेहसाण्यातच पठारे यांनी चेन्नईच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या साथीने आत्महत्या-प्रतिबंधाचा स्वतंत्र प्रकल्प उभारला. लक्ष्मीबाई या क्षेत्रातल्या थोरल्या. १९८६ मध्ये, म्हणजे मुंबईच्या निकालाच्याच वर्षी, त्यांनी चेन्नईत 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. प्रकल्पात तीन गोष्टी : शाळेतील मुलांशी मनाच्या आरोग्यावर संवाद, गावच्या आरोग्यसेविकांना धोक्याची चिन्हे ओळखण्याचे शिक्षण, आणि शेतातली घातक औषधे घरात न ठेवता गावच्या सामाईक, कुलूपबंद जागी ठेवण्याची सोय.

२९/
कुलूप? त्याने काय होणार, ज्याला जायचे तो जाणारच, असे तुम्हाला वाटले असेल. मलाही वाटले होते. इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी घसरला. माणसे दुसरा मार्ग शोधायला गेली नाहीत. तो अनिवार क्षण अनेकदा थोडा वेळच टिकतो. तेवढ्यात हाताशी काही नसेल तर तो सरतो, आणि वाचलेल्यांतील बहुतेक जण पुढे जगतात.

३०/
लक्ष्मीबाईंची आणखी एक खटपट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. बोर्डाच्या निकालानंतरच्या दिवसांत मुलांचे फोन वाढतात हे 'स्नेहा'ला दिसत होते. नापास झाले की वर्ष वाया. त्यांनी तमिळनाडू सरकारला पटवले, की फेरपरीक्षा लगेच घ्या, वर्ष वाया जाऊ देऊ नका. महाराष्ट्रात दहावीची फेरपरीक्षा पूर्वी ऑक्टोबरात होई, २०१५ पासून ती जुलैत होऊ लागली. वेळापत्रकातला एक बदल, पण काही घरांत त्याने काय वाचवले असेल ते मोजता येणार नाही.

३१/
पुण्याच्या केंद्राने आणखी एक नाजूक काम हाती घेतले : वर्तमानपत्रे आत्महत्येच्या बातम्या कशा देतात याची रोजची तपासणी, 'प्रोजेक्ट सायरन'. पहिल्या पानावर नको, पद्धतीचे वर्णन नको, एकच कारण सांगून मोकळे होणे नको, मदतीचा क्रमांक द्या. भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर अशी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. मराठी बातमीतले 'प्रयत्न फसला' हे शब्दच घ्या. जीव वाचला तर ते फसणे कसे?

३२/
२१ नोव्हेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने देशाचे पहिले आत्महत्या-प्रतिबंध धोरण जाहीर केले. उद्दिष्ट : २०३० पर्यंत मृत्यूंत १० टक्के घट. त्याच वर्षीच्या पोलीस नोंदीत देशाचा आकडा १,७०,९२४ आणि महाराष्ट्राचा २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. नोंद प्रामाणिक झाली की आकडा आधी वाढतोही, हे ध्यानात ठेवले तरी ही संख्या मान खाली घालायला लावणारी आहे.

३३/
आता शेवटचा फेरा. १ जुलै २०२४ रोजी दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात कलम ३०९ नाही. मेकॉलेचे ते कलम एकशे बासष्ट वर्षांनी गेले.

पण पूर्ण गेले का? नव्या संहितेचे कलम २२६ उघडून पाहा. लोकसेवकाला त्याचे काम करण्यास भाग पाडावे किंवा त्यापासून रोखावे, या हेतूने जो आत्महत्येचा प्रयत्न करील त्यास एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा.

३४/
१९८५. महापालिका आयुक्तांचे कार्यालय. डोक्याला मार बसलेला, आजारी, पत्नीच्या दुकानाचा परवाना मागणारा शिपाई. आज तो त्याच दारात उभा असता तर त्याला कलम ११५ चे संरक्षण मिळाले असते, की कलम २२६ ची नोटीस? कलम ११५ चे शब्द जुन्या संहितेचे नाव घेतात, नव्या संहितेतले हे कलम त्याच्या छत्राखाली येते की नाही यावर कायद्याचे जाणकार अजून वाद घालत आहेत. विधी शाखेत शिकणारे कुणी वाचत असतील तर त्यांनी १९८६ चे ते निकालपत्र काढून या प्रश्नापुढे ठेवून वाचावे.

(धागा समाप्त. पुढच्या रविवारी : कुंडलिकेच्या खाडीतील जुनी बंदरे.)